वेलदोडा झाडावर बघायचाय – बेळगावातून कुठं जावं?

तुळशीवृंदावन · २ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, एक घरगुती भांडण सोडवायचंय.

आमच्याकडं होळी झाली की मसाल्याची गडबड सुरू होते. सासूबाई चाळीस वर्षं स्वतः ब्याडगी निवडतात, खडा मसाला भाजतात आणि डंकावर समोर उभं राहून कुटून आणतात. परवा लेकीनं (सहावीत आहे) विचारलं, "आजी, वेलदोडा कुठल्या फांदीला लागतो गं?" सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, "लवंगेसारखाच लागत असेल की." नवऱ्याचं म्हणणं, वेलीला लागतो, म्हणून तर वेल-दोडा. मी मोबाईलवर बघून सांगितलं, तर ते कुणालाच पटलं नाही.

तर आता प्रत्यक्षच बघायला जायचं ठरलंय. नवरा केरळची पॅकेजं बघतोय. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे जेमतेम. तीन-चार दिवस मिळतील. थेक्कडी, कूर्ग की आणखी कुठं? आणि कधी जावं?

रविवारपेठ · २ डिसेंबर, रात्री १०:४०

वेलीला पण नाही आणि फांदीला पण नाही. तिघंही हरलाय. कुठं लागतो ते सांगत नाही, जाऊन बघा.

केरळ कशाला वो? कारवार जिल्ह्यातल्या शिरसीला जावा. आमच्या दुकानात मिरीची पोती येतात ती निम्मी त्याच बाजूची. शिरसी, सिद्धापूर, यल्लापूर. सकाळी निघालं की जेवायला तिथं. मिरी, वेलदोडा, जायफळ, दालचिनी, सुपारी, सगळं एकाच बागेत बघायला मिळतंय.

हिंडफिरी · ३ डिसेंबर, सकाळी ७:५५

रविवारपेठ यांच्याशी थोडा असहमत. शिरसी छानच, पण 'वेलदोडा' हाच विषय असेल तर केरळातल्या इडुक्कीला तोड नाही. आम्ही कुमिळीला राहिलो होतो. वंडनमेडूच्या बाजूला डोंगरच्या डोंगर वेलदोड्याचे, वर जुन्या जंगली झाडांची सावली आणि खाली पुरुषभर उंचीची पानं. पुट्टडीला वेलदोड्याचा लिलाव होतो, आता तो संगणकावर चालतो. प्रत्येक व्यापाऱ्यासमोर नमुन्याची वाटी येते. माणसं मूठभर वेलदोडे हातात घेतात, एखादा फोडतात, वास घेतात आणि बटण दाबतात. अर्धा तास बघत उभं राहावं असं दृश्य आहे. तिकडं सगळीकडं दिसते ती 'न्यळ्ळाणी' जात एका शेतकऱ्यानंच निवडून काढलीय, कुठल्या प्रयोगशाळेनं नाही.

आठवड्यातून एकदा पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस बेळगावावरून जाते. पुढं एर्नाकुलमपासून घाटाचा लांब रस्ता आहे. गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

रविवारपेठ · ३ डिसेंबर, सकाळी ९:१०

गुडघ्यांचा विचार करूनच तर शिरसी म्हणालो.

हल्याळवाला · ३ डिसेंबर, दुपारी १:३०

रस्ता सांगतो. दोन वाटा आहेत. एक धारवाड-हुबळीवरून, रुंद, पण कंटाळवाणी. दुसरी खानापूर-नंदगड-हल्याळ-यल्लापूर-शिरसी. ही जंगलातनं जाते, अरुंद आहे, पण याच वाटेनं जावा. पावसाळ्यानंतर खड्डे किती ते नशिबावर. यल्लापूरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला दरीत सुपारीचे शेंडे दिसायला लागले की समजायचं पोचलो. शिरसीला रेल्वे नाही, त्यामुळं गाडी नाहीतर एसटी.

गंमत म्हणजे तुम्ही 'डोंगराळ भागात' निघालाय, पण बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे आणि शिरसी ६०० च्या आसपास. म्हणजे उतरतच जायलाय. पण पाऊस बघा तिथला, आणि दमटपणा. मसाल्याला उंचीपेक्षा तेच लागतं.

आणि एक. शिरसीच्या मारिकांबेची जत्रा दर दोन वर्षांनी असते. त्या आठवड्यात खोली मिळणार नाही. जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

अप्पेमिडी · ३ डिसेंबर, रात्री ९:०५

इतके दिवस वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही. माझं माहेर सिद्धापूर तालुक्यातलं, घरी हव्यक कन्नड (तिकडच्या हव्यक ब्राह्मणांची बोली). लग्न होऊन बेळगावच्या शहापूरला आले त्याला वीस वर्षं झाली. मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या.

आधी एक गैरसमज काढून टाका. आमच्याकडं मसाल्याचा 'मळा' नसतो. चहाच्या मळ्यासारखं एकच पीक डोंगरभर, असं काही दिसणार नाही. आमच्याकडं 'तोट' असतं, म्हणजे सुपारीची बाग. दोन टेकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या ओल्या दरीत, घराच्या मागच्या दारातून उतरलं की बाग. सुपारी मुख्य, तीच पैसा देते. तिच्या खोडावर मिरी चढवलेली. मधल्या सावलीत वेलदोडा आणि केळी. कडेला जायफळ, दालचिनी, कोकम. मसाला हा सुपारीचा पाहुणा आहे. वर टेकडीवर 'बेट्ट', म्हणजे पालापाचोळ्यासाठी राखलेलं रान. इंग्रजांच्या काळापासून एक एकर बागेमागं आठ-नऊ एकर बेट्ट वापरायचा हक्क चालत आलाय. तिथला पाला गुरांखाली, गुरांखालचा बागेत. बेट्ट गेलं तर तोट गेलं, असं माझे अप्पा म्हणायचे.

म्हणून सांगते, तुम्ही कुणाच्या तरी परसात जाणार आहात. आधी फोन करून, एखाद्या घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी राहून, त्या घरच्या माणसाबरोबर फिरा. पाटाच्या कडेकडेनं चाला. वेलीला हात लावायच्या आधी विचारा. मिरीचा वेल मुळाशी दुखावला, पाणी साचलं की सोरगु रोग येतो. आज हिरवागार वेल आठवड्यात काळा पडतो. माझ्या लहानपणी एका पावसाळ्यात आमचे अर्धे वेल असे गेले. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. वेलदोड्याचं तर कट्टे रोगानं फार नुकसान केलं. पानांवर फिकट रेघा येतात, मावा तो विषाणू पसरवतो आणि औषध नाही, गड्डा उपटून टाकायचा. म्हणून आमच्याकडं आता वेलदोडा घरापुरता, फार तर थोडा विकण्यापुरता.

केव्हा जायचं? वेलदोडा ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्यानं तोडतात. मिरी जानेवारी ते मार्च. सुपारीची कोनी (घड) नोव्हेंबरपासून. म्हणजे तुम्हाला जानेवारीचा शेवट बरा, शेपटाला वेलदोडा सापडेल आणि मिरीची सुरुवात. जायफळ मात्र पावसाळ्यात फुटतं, ते बघायचं तर जून-जुलैत या आणि सोबत मीठ घेऊन या, उंबळांसाठी. उंबळ म्हणजे जळवा.

चंदगडी_काजू · ३ डिसेंबर, रात्री ९:४८

अप्पेमिडीताई, दंडवत. वाचनखूण साठवली. अजून लिहा.

सीमेवरचा · ३ डिसेंबर, रात्री १०:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नंदगडकर · ३ डिसेंबर, रात्री १०:३१

@सीमेवरचा, मिरीच्या धाग्यावर पण तेच का रे बाबा? ताईंनी एवढं आपुलकीनं लिहिलंय.

संपादक · ३ डिसेंबर, रात्री ११:००

भाषा आणि पाट्यांवरच्या चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. इथं मिरी-वेलदोड्यावर बोलावे.

जुनापुराणा · ४ डिसेंबर, सकाळी ६:४०

अवांतर होईल, तरी लिहितो. आमच्या पिढीला शिरसी परकी कधी वाटलीच नाही. १९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे चारही जिल्हे मुंबई राज्यात. उत्तर कॅनरा १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला. शाळेच्या पुस्तकात 'जोग' नव्हतंच, 'गिरसप्प्याचा धबधबा' होता.

आणि ते गेरसप्पा नाव नुसतं धबधब्याचं नाही. सोळाव्या शतकात तिथं राणी चेन्नभैरादेवी राज्य करत होती. घाटावरची मिरी तिच्या मुलखातून खाली बंदरांकडं उतरायची. पोर्तुगीज तिच्याशी लढलेही आणि व्यापारही केला. त्यांनी तिला नाव ठेवलं 'रायना दा पिमेंटा', मिरीची राणी. कुमट्याजवळचा मिर्जानचा किल्ला तिच्याच नावाशी जोडलेला आहे. वेळ असेल तर घाट उतरून बघून या.

वेलदोड्याचं म्हणाल, तर आमच्या लहानपणी लग्नात पांढरा वेलदोडा यायचा, हावेरीचा. घाटावरचा माल हावेरीत आणून रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, तो पांढरा पडायचा. आता हिरव्यालाच मान. हावेरीत वेलदोड्याचे हार मात्र अजून करतात, पुढाऱ्यांच्या गळ्यात दिसतात ते.

पांढराकोट · ४ डिसेंबर, दुपारी ३:१५

मजा घालवायला आलोय असं समजू नका, पण हे कुणी लिहिलं नाही. जानेवारी ते मे हा त्या भागात माकडतापाचा हंगाम. आपल्याकडं दोडामार्ग-सावंतवाडीच्या बातम्यांमुळं नाव माहीत झालं, पण मूळ शोध १९५७ चा, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलातला, म्हणजे सिद्धापूरच्या शेजारचाच. विषाणू गोचिडीतून माणसात येतो. माकडं मरून पडली की तो भाग धोक्याचा समजतात. सिद्धापूर तालुक्यात रुग्ण सापडतात.

घाबरून रद्द करू नका. पाचोळ्यावर बसू नका, लोळू नका. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला. गोचीड पळवणारं तेल तिथल्या आरोग्य केंद्रात मिळतं, घरमालकाला विचारा. परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, आणि कानामागं, काखेत, लेकीच्या केसांत नीट बघा. नंतरच्या आठवड्या-दीड आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना 'शिरसीला जाऊन आलो' हे आधी सांगा.

तुळशीवृंदावन · ४ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. शिरसीच पक्की. नवऱ्यानं केरळचा टॅब बंद केला (तोंड पाडून). अप्पेमिडीताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रविवारपेठ काका, तिथून मसाला आणायचा तर खरा-खोटा कसा ओळखायचा?

रविवारपेठ · ५ डिसेंबर, सकाळी ८:२०

काका नको, चाळिशीच आहे अजून.

मिरी: पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात. पाण्यात टाकून बघा असं सगळे सांगतात, पपईची बी तरंगते. पण पोकळ मिरी पण तरंगतेच, त्यामुळं नुसत्या तरंगण्यावरून ठरवू नका. दाताखाली धरा. पपईची बी लांबट असते, तिला झणका नसतो. फार चकचकीत मिरी दिसली तर संशय घ्या, तेल चोळलेलं असतंय. व्यापारी लिटरचं माप भरून वजन करतात. साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरली तर दाणा भरदार. 'तेलिचेरी' म्हणून जास्त पैसे मागतील. आता ते गावाचं नाव कमी आणि आकाराचं जास्त आहे, मोठा दाणा चाळून काढला की तेलिचेरी.

वेलदोडा: वरच्या हिरव्या रंगावर जाऊ नका. एक फोडा. आतलं बी काळं आणि चिकट पाहिजे. तपकिरी, कोरडं, सुटं बी म्हणजे जुना माल किंवा तेल काढून घेतलेला.

आणि जायपत्रीच्या नावाखाली रामपत्री देतात. ती पण त्याच रानातली, जायफळाच्याच कुळातली, पण वास निम्मासुद्धा नसतोय. मसाल्यात रामपत्री म्हणूनच घालायची तर घाला की. जायपत्रीचे पैसे देऊ नका एवढंच.

तुळशीवृंदावन · १ फेब्रुवारी, रात्री १०:५०

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, कारण पांढराकोटांच्या सूचनेप्रमाणं आल्यापासून सगळ्यांच्या अंगाला हात लावून बघत होते. अजून तरी कुणाला ताप नाही.

२६ जानेवारीला पहाटे निघालो. नंदगडात बरीच गर्दी, झेंडे, घोषणा. मला वाटलं प्रजासत्ताक दिन. नवरा म्हणाला, रायण्णाचा दिवस आज. संगोळ्ळी रायण्णाला याच तारखेला, १८३१ मध्ये, इथंच फाशी दिलं होतं. तासभर अडकलो, पण वाईट वाटलं नाही. हल्याळात चहा. यल्लापूरच्या पुढं सुपारीचे शेंडे दिसले आणि हल्याळवाल्यांची आठवण काढली.

अप्पेमिडीताईंच्या ओळखीच्या घरी उतरलो. कौलारू घर, पुढं अंगणभर अख्ख्या, न सोललेल्या सुपाऱ्या वाळत घातलेल्या. 'चाली' म्हणतात त्यांना, चाळीसेक दिवस उन्हात राहतात. अंगणातून चालायला वाटच नव्हती. गेल्या गेल्या कषाय दिलं, धने-जिऱ्याचं, गूळ-दूध घातलेलं. सासूबाईंनी एका घोटात ओळखलं, "मेथी पण आहे यात." तिथल्या अज्जी खूश. एकीला मराठी येत नाही, दुसरीला कन्नड बाजारापुरतं, पण पुढचे तीन दिवस दोघी मसाल्यांच्या नावांवरच बोलल्या. एलक्की (वेलदोडा), मेणसु (मिरी), शुंठी (सुंठ). बाकीचं हातवाऱ्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत. मागच्या दारातून पायऱ्या उतरतात. खाली गारवा एकदम वेगळा, फ्रीज उघडल्यासारखा. सासूबाईंसाठी काठी दिली होती. त्यांचे डोळे वरच. प्रत्येक झाडाकडं मान वर करून, "हा का? हा का?" घरचे अण्णा हसत होते. मग एका गड्ड्यापाशी थांबले, कर्दळीसारखी लांब पानं, आणि काठीनं बुडाचा पाचोळा बाजूला सारला.

जमिनीवर! पानांच्या बुडातून दोरीसारखे तुरे निघालेले, सरपटत मातीवर पसरलेले, आणि त्यांना लागून हिरवी बोंडं. हंगाम संपलेला, पाच-सहाच राहिली होती. अण्णा म्हणाले, ही मलबार जात, हिचे तुरे जमिनीलगतच राहतात. काही जातींचे उभे वर येतात. सासूबाई काठी टाकून खाली बसल्या. गुडघे बिडघे काही नाही. (पाचोळ्यावर बसू नका हे मी ओरडून सांगितलं, ऐकतंय कोण.) एक बोंड हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे आल्याच्या घरातलं." अण्णांनी मान हलवली. अगदी खरं, आलं-हळद-वेलदोडा एकाच कुळातले. कुणी न सांगता त्यांना पानावरून कळलं. लेक म्हणाली, "आजी, फांदी कुठाय?" आजी म्हणाली, "गप."

मिरी मात्र वेलीवर, तिथं नवऱ्याचा अर्धा गुण. सुपारीच्या खोडाला गुंडाळून वीस-पंचवीस फूट चढलेली. एकाच बांबूची शिडी, नुसत्या पेरांवर पाय टेकायला जागा. तिच्यावर चढून एक माणूस घोस तोडून पाठीच्या पिशवीत टाकत होता. घोसात एखादा-दुसरा दाणा लाल झाला की सगळा घोस तोडायचा. सगळे लाल व्हायची वाट बघितली तर पाखरं आधी येतात. रात्रभर ढिगात ठेवतात, मग दाणे सुटे करून टोपलीत घालून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवतात आणि उन्हात. त्यामुळं सगळी मिरी एकसारखी काळी होते. तीन किलो ओल्याची एक किलो वाळलेली. वेलदोड्याचं आणखी वाईट, चार-पाच किलोंचा एक. हे ऐकल्यापासून आमच्या घरात वेलदोड्याचं साल फेकलं जात नाही. चहात जातं.

सगळ्यात थरारक मात्र सुपारी. 'कोनेगौडा' म्हणजे घड उतरवणारा. एकदा झाडावर चढला की खाली येतच नाही. शेंडा हलवून झोका घेतो आणि पुढच्या झाडाचा शेंडा पकडतो. लेकीनं डोळे झाकून घेतले. अण्णा म्हणाले, हे काम करणारी माणसं आता फार कमी, आणि ज्या दिवशी तो येतो त्या दिवशी घरचं लग्न असलं तरी मागं राहतं. त्यांच्या बोलण्यात रोग, भाव आणि कोनेगौडा हे तीनच विषय. व्हॅनिलाचा विषय काढला तर नुसतं हसले. २००३-०४ च्या सुमाराला भाव आकाशाला भिडला, सगळ्यांनी लावली, पहाटे उठून एकेका फुलाचं काडीनं परागण केलं, आणि भाव पडला. कोपऱ्यात एक वेल अजून आहे. "आठवणीला," म्हणाले.

बाकी थोडक्यात. सोंद्याजवळ शाल्मलेच्या पात्रात सहस्रलिंग बघितलं, या दिवसांत पाणी कमी म्हणून खडकांवरची लिंगं नीट दिसतात. जेवणात ताकातली तंबळी, अप्पेमिडीचं (कोवळ्या कैरीचं) लोणचं आणि पातळ काकवी, 'जोनी बेल्ल'. तोडदेव (उसाच्या रसाचे, कागदासारखे पातळ) डब्यातून आणले, बेळगावात पोचेपर्यंत अर्धे चुरा. जोग राहिलं. मिर्जान पण राहिलं, जुनापुराणांनी माफ करावं.

आणि आमचा मूर्खपणा. परतीच्या वाटेवर एका 'मसाला बागे'ची मोठी पाटी दिसली. माणशी शंभर रुपये तिकीट. आत सगळं कुंड्यांमध्ये, आणि बाहेर पडायची वाट दुकानातून. नवऱ्यानं पाव किलो वेलदोडा घेतला, 'खास प्रत' म्हणून, हिरवागार. घरी येऊन फोडला, तर बी तपकिरी, कोरडं, सुटं.

रविवारपेठ · १ फेब्रुवारी, रात्री ११:०५

एवढं लिहून पण!!

तुळशीवृंदावन · १ फेब्रुवारी, रात्री ११:०९

तुमचा प्रतिसाद मी वाचला होता, नवऱ्यानं नाही. अण्णांकडून घेतलेली दोन किलो मिरी मात्र तुमच्या मापात बसली. लिटरला ५६० ग्रॅम, सासूबाईंनी दुधाच्या मापानं मोजली.

हिंडफिरी · २ फेब्रुवारी, सकाळी ८:००

मान्य. हरलो. पण पुट्टडीचा लिलाव एकदा बघाच.

चंदगडी_काजू · २ फेब्रुवारी, सकाळी ११:२५

फोटो दिसत नाहीयेत. सासूबाई जमिनीवर बसलेला तरी टाका.

अप्पेमिडी · २ फेब्रुवारी, रात्री ८:४०

अज्जीचा फोन आला होता. "ती बेळगावची बाई परत कधी येणार?" विचारत होती. मेथी ओळखणारी म्हणून नाव पडलंय त्यांचं तिकडं.

तुळशीवृंदावन · ३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सांगते त्यांना. ताई, एक विचारायचं होतं. अण्णांनी मिरीच्या दोन काड्या दिल्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळून. सासूबाईंना मागच्या अंगणात लावायच्यात. आमच्याकडं एक आंबा आणि एक नारळ. कशावर चढवू? बेळगावच्या हवेत जगेल का?

अप्पेमिडी · ३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

काड्या बुडातून निघून जमिनीवर पळणाऱ्या फांद्यांच्या आहेत ना, ते बघा. वरून लोंबणाऱ्या असतील तर वेळ लागेल. आत्ता जमिनीत लावू नका. पिशवीत माती, वाळू, शेणखत घालून दोन-तीन पेरं मातीत जातील अशा लावा, सावलीत ठेवा. मुळं फुटली तर जूनच्या पहिल्या पावसात आंब्याच्या उत्तरेच्या अंगाला, खोडापासून फूटभर अंतरावर. आंब्याची साल खरबरीत असते, वेल धरतो. जगेल, पण उन्हाळ्यात पाणी आणि बुडाला पाला हवा. पावसाळ्यात पाणी साचू द्यायचं नाही. दाणे तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

तुळशीवृंदावन · ३ फेब्रुवारी, रात्री १०:०२

सासूबाई विचारतायत, पाला कुठला? आमच्याकडं बेट्ट नाही.

अप्पेमिडी · ३ फेब्रुवारी, रात्री १०:०६

आंब्याचाच, रोज झाडून पेटवता तो.